मायनिंग ॲक्सलरेटर कार्डं मागवलीयत, अजून आली नाहीत. कोणाला अनुभव? (अपडेट पानाच्या शेवटी)

रिगवाला_चिंचवड | १९ ऑगस्ट २०१८, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितोय कारण झोप लागत नाहीये.

माझ्याकडे सहा आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्डांची (जीपीयू) एक मायनिंग रिग आहे, गच्चीवरच्या खोलीत, इथेरियम काढतो. १८० मेगाहॅश येतात, म्हणजे सेकंदाला मायनिंगच्या गणिताचे १८ कोटी प्रयत्न. जानेवारीत इथर (इथेरियमचं नाणं) १४०० डॉलरला होता तेव्हा बायकोला सांगितलेलं की दिवाळीपर्यंत पैसे वसूल, आता ३०० ला आलाय, महिन्याला ०.३८ इथर म्हणजे आठ हजार सुटतात आणि त्यातले साडेसहा महावितरण घेऊन जातं कारण घरचं धरून आपण वरच्या स्लॅबमध्ये घुसतो.

तर जुलैमध्ये एका परदेशी कंपनीची एफपीजीए (आतली जोडणी नंतरही बदलता येते अशी चिप) कार्डं बघितली, एम डॉट टू स्लॉटात बसतात, एसएसडीएवढी छोटी. कंपनी म्हणते की जीपीयूचं ओझं हे कार्ड वाटून घेतं आणि त्याच रिगमधून १५ ते २० टक्के जास्त हॅशरेट मिळतो, वर वीज कमी. चार कार्डं बुक केली. बँकेचं कार्ड चालवायची हिंमत झाली नाही, वॉलेटमधून ०.१६ बिटकॉइन दिले, तेव्हाचे ऐंशी हजारांच्या वर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शिपिंग होतं. आता सप्टेंबर म्हणतायत. कोणी चालवून बघितलंय का हे? नेटवर शोधलं तर कंपनीनेच टाकलेला एक स्क्रीनशॉट सोडून कुठे काही सापडत नाही.

(कंपनीचे नाव काढले आहे. धोरण पाहावे. — संपादक मंडळ)

---

दोन_आण्याचा_चहा | २० ऑगस्ट, सकाळी ८:०५

वाचनमात्र माणूस रात्री पावणेबाराला पहिला धागा काढतो म्हणजे पैसे गेलेले असतात हे इथलं जुनं निरीक्षण आहे. चहा घ्या.

---

मिहानवाला | २० ऑगस्ट, ९:३०

काऊन बे भाऊ, ज्याचा फोटो बी धड नाही पाह्यला त्याले ऐंशी हजार देऊन बसला? आमच्या इकडे लोकं कूलर घ्याले जातात त चालू करून, हवा खाऊन, मग भाव करतात.

---

रिगवाला_चिंचवड | २० ऑगस्ट, ९:५२

फोटो आहे हो, बोर्डाचा फोटो टाकलाय त्यांनी, आणि त्यांच्या डिस्कॉर्ड चॅटवर रोज कोणीतरी बोलत असतं. पळून गेलेली कंपनी नाहीये. पार्ट्सची टंचाई आहे असं म्हणतायत, मेमरी चिप मिळत नाहीयेत.

---

कॅल्क्युलेटर_काका | २० ऑगस्ट, दुपारी १:१५

आमच्या पुण्यातच एप्रिलमध्ये गेनबिटकॉइन नावाच्या फसव्या स्कीमवाल्याला पोलिसांनी आणला. महिना १० टक्के, १८ महिने, हा हिशेब ज्याला खरा वाटला त्याला काहीही खरं वाटतं. त्याच एप्रिलच्या ६ तारखेला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं की बँकांनी क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार बंद करावेत, बँकांना तीन महिने दिले, मुदत जुलैत संपली. आणि तुम्ही त्याच जुलैत परदेशी कंपनीला आगाऊ पैसे दिलेत! बिल आहे का? जीएसटीचं काय? कस्टममधून हे सोडवणार कोण?

---

रिगवाला_चिंचवड | २० ऑगस्ट, १:४०

काका हे गेनबिटकॉइन नाहीये. तिथे कोणी मशीन देत नव्हतं, इथे वस्तू येणार आहे. इनव्हॉइस ईमेलवर आहे.

---

फॅबवाली | २० ऑगस्ट, रात्री १०:२०

मी बंगळुरूला चिप व्हेरिफिकेशनमध्ये आहे, मायनिंग करत नाही, पण एफपीजीए हा रोजचा भाकरतुकडा आहे म्हणून लिहिते. कंपनी खरी की खोटी ते बाजूला ठेव दादा, आधी गणित बघू.

इथेरियमचा जो अल्गोरिदम आहे, इथॅश, तो मुद्दाम मेमरीवर अडेल असा बनवलाय. एक हॅश काढायला डॅग नावाच्या मोठ्या फाइलीतून ६४ वेळा १२८ बाइट उचलावे लागतात. ६४ गुणिले १२८ म्हणजे ८१९२, थोडक्यात एका हॅशला ८ केबी. तुझ्या आरएक्स ५८० ची मेमरी सेकंदाला २५६ जीबी देते. भाग घाल. ३१ मेगाहॅश येतात. तुला कार्डामागे किती मिळतात? १८० भागिले ६, तीस. म्हणजे तुझं कार्ड आत्ताच छताला डोकं लावून उभं आहे, त्याला आणखी उंच करायला जागाच नाही.

आता हे एम डॉट टू वालं. डॅग आज अडीच जीबीच्या वर गेलीये आणि दर ३०,००० ब्लॉकला (व्यवहारांच्या गठ्ठ्यांना) ८ एमबीने वाढते. तुझ्या कार्डावर मेमरी किती आहे ते सांग. ती डॅगपेक्षा लहान असेल तर बाहेरून आणावी लागणार, आणि स्लॉटमधून पीसीआय दुसऱ्या पिढीच्या चार लेन (डेटाच्या वाटा) असतील तर सगळं मिळून २ जीबी येतात सेकंदाला. २ जीबीला ८ केबीने भाग. पाव मेगाहॅश. चार कार्डांचा एक. तुझे १८० चे १८१ होतील, तेही सगळं नीट चाललं तर.

---

रिगवाला_चिंचवड | २० ऑगस्ट, १०:४८

मेमरी ५१२ एमबी लिहिलीये. पण ते म्हणतायत की मेमरीचं काम जीपीयूच करणार, फक्त केचॅक नावाच्या गणिताचं काम कार्ड करणार, त्यामुळे जीपीयू मोकळा होतो. ह्यात काही चूक आहे का? खरंच विचारतोय ताई, मी मेकॅनिकलचा आहे.

---

फॅबवाली | २० ऑगस्ट, ११:३०

बरं. वडापावच्या गाडीवर ये. कढई एक, एका वेळी वडे निघतात तेवढेच. पाव कापायला एक पोरगा आहे, तो निम्मा वेळ रिकामाच असतो. तू आणखी चार पोरं पाव कापायला ठेवलीस. गिऱ्हाइकाला वडा लवकर मिळाला का?

केचॅक म्हणजे पाव कापणं. सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा. मधली ६४ वेळची उचलठेव ही कढई. पाव दुसऱ्याने कापले तर पोराचा पगार थोडा वाचेल, म्हणजे जीपीयूचं व्होल्टेज जरा उतरवून दहा-वीस वॅट वाचतील कदाचित. पण त्यासाठी दर हॅशचा अर्धवट माल स्लॉटमधून आत-बाहेर करायचा, त्याचं सॉफ्टवेअर लिहायचं, आणि ते कोणी चालवून दाखवलेलं नाही.

एफपीजीए वाईट नाही हां. जिथे मेमरी लागत नाही, नुसतं गणित आहे, तिथे ते जीपीयूला लोळवतं. झायलिंक्सचं ते चार हजार डॉलरवालं मोठं एफपीजीए कार्ड, व्हीसीयू १५२५, लोक ह्याच वर्षी मायनिंगला घेतायत, त्याचं गणित समजण्यासारखं आहे. पण तो हत्ती आणि हे मांजर.

---

सातारी_कंदी | २१ ऑगस्ट, सकाळी ७:१०

ताईंचा प्रतिसाद वहीत लिहून ठेवावा असा. माझा रिगशी संबंध नाही पण वडापाव खावासा वाटतोय.

---

जुनाखोंड | २१ ऑगस्ट, दुपारी ४:०० (इकडे पहाट)

एडिसन, न्यू जर्सीहून. रिगवाला, तुझ्या जागी मी पाच वर्षांपूर्वी बसून आलोय त्यामुळे हसत नाहीये.

२०१२ च्या जूनमध्ये कॅन्ससच्या बटरफ्लाय लॅब्सने बिटकॉइनच्या खास चिपची मशिनं जाहीर केली आणि आगाऊ पैसे घ्यायला लागले. सगळ्यात छोट्याचं नाव हालापेन्यो, मिरचीचं, १४९ डॉलर. तेव्हा आम्ही सगळे गेमिंग कार्डांवर काढत होतो, त्यापुढे ते म्हणजे बैलगाडीपुढे डेक्कन क्वीन. ऑक्टोबरला देतो म्हणाले. मग नोव्हेंबर. मग चिप परत बनवायला टाकली, मग पॅकेजिंग, मग वीज जास्त खातेय म्हणून डबा बदलला. पहिली मशिनं निघाली २०१३ च्या वसंतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०१४ मध्ये कोर्टात जाऊन कंपनी बंद पाडली, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सप्टेंबर २०१३ पर्यंत वीस हजारांवर गिऱ्हाइकांना माल मिळालेला नव्हता. वर आरोप असा की लोकांची मशिनं टेस्टिंगच्या नावाखाली कंपनी स्वतःच चालवत होती. २०१६ मध्ये तडजोड झाली.

मी ज्यांच्याकडून घेतलं ते नाव सांगत नाही, वेगळेच होते, पण माझंही मशीन आठ महिने उशिरा आलं. आणि मुद्दा इथेच आहे. मशीन आलं, चांगलं चाललं, जेवढा वेग लिहिला होता तेवढा दिला. तरी बुडालो. कारण जानेवारी २०१३ ला बिटकॉइनची डिफिकल्टी (नाणं काढणं किती कठीण त्याचा आकडा) ३० लाखांच्या आसपास होती आणि डिसेंबर संपताना ११८ कोटी. साडेतीनशे पटीच्या वर. मी बुक केलं तेव्हा जे मशीन दोन महिन्यांत पैसे फेडणार होतं ते आल्यावर विजेचं बिलसुद्धा जेमतेम. डब्यात पॅक होऊन पडलेल्या मशिनीचंसुद्धा रोज वय वाढतं रे.

---

हॅशपंत | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२५

जुनाखोंड काका, अर्धी बाजू सांगितलीत. ॲव्हलॉन नावाच्या बिटकॉइन मशीनची पहिली बॅच ३०० मशिनं, १२९९ डॉलरला एक, जानेवारी २०१३ संपता संपता पहिलं मशीन गिऱ्हाइकाच्या घरी पोचलं आणि ज्यांना मिळाली त्यांनी काय कमावलं ते तुम्हाला माहितीये. तीही त्या दिवसापर्यंत 'कोणी चालवून न बघितलेली'च होती. स्वीडनच्या केएनसीमायनरने ऑक्टोबर २०१३ म्हटलं आणि ऑक्टोबरलाच दिलं. सिद्ध झाल्यावर घ्यायचं म्हटलं तर तोपर्यंत मलई संपलेली असते. ह्या धंद्यात थांबून बघणाऱ्याला ताकच मिळतं.

---

जुनाखोंड | २१ ऑगस्ट, ६:५०

मान्य. त्या पहिल्या ३०० मधल्या एकाला मी ओळखतो, आजही त्याचं नाव काढलं की पोटात दुखतं. पण त्याच बाजारात कॅलिफोर्नियाचं हॅशफास्ट होतं, तेही २०१३ चंच, पुढच्या वर्षी दिवाळखोरीत. टेक्सासचं कॉइनटेरा जानेवारी २०१५ ला. केएनसी, ज्याने वेळेवर दिलं, तेही मे २०१६ ला दिवाळखोरीत गेलंच. लोक लॉटरी लागलेल्याचा फोटो छापतात, तिकीट फाडून टाकलेल्यांचा नाही.

गंमत सांगतो. हॅशफास्टवाल्यांचा तंटा असा होता की लोकांनी पैसे बिटकॉइनमध्ये दिलेले, मधल्या काळात भाव कुठच्या कुठे गेला, लोक म्हणाले बिटकॉइन परत द्या, कंपनी म्हणाली डॉलर घ्या. रिगवाला, तुझ्या अटीत काय लिहिलंय ते वाच.

---

रिगवाला_चिंचवड | २१ ऑगस्ट, ७:३०

वाचलं. 'ऑर्डरच्या दिवशीच्या डॉलरच्या किमतीएवढं, शिपिंग सुरू होईपर्यंत.' आत्ता बिटकॉइन तेव्हापेक्षा खाली आहे म्हणजे डॉलरमध्ये मिळाले तर माझा फायदाच आहे की!

---

कॅल्क्युलेटर_काका | २१ ऑगस्ट, ७:३४

मग मागा ना. आज. आत्ता. ह्या धाग्यावर चर्चा करत बसू नका.

---

रिगवाला_चिंचवड | २१ ऑगस्ट, ८:१५

मागतो काका, फक्त ह्या महिनाअखेरपर्यंत बघतो, डिस्कॉर्डवर सांगितलंय की पहिली बॅच कारखान्यातून निघाली.

---

दोन_आण्याचा_चहा | २१ ऑगस्ट, ८:२०

थोडक्यात, मुलगी बघायला गेलो होतो, फोटोच दाखवला, म्हणाले मुलगी मामाकडे गेलीये, पण घर चांगलं वाटलं.

---

हॅशपंत | १ सप्टेंबर, सकाळी १०:००

बातमी बघितली का? काल इथेरियमच्या डेव्हलपर लोकांच्या कॉलमध्ये ठरलं की ब्लॉकमागचं बक्षीस ३ वरून २ इथर करायचं. म्हणजे तुमची कार्डं येऊन २० टक्के वाढ दिली तरी इकडून ३३ टक्के कापले. मी थांबून बघायच्या विरोधात आहे पण रिगवाला, ह्यावेळी रिफंड घ्या राव.

---

रिगवाला_चिंचवड | १ सप्टेंबर, ११:२०

ते कधी लागू होईल तेव्हा होईल. कार्डावर मोनेरो (दुसरं एक क्रिप्टो नाणं) पण चालणार आहे असं आता म्हणतायत. इथर नाही तर मोनेरो काढू.

---

फॅबवाली | १ सप्टेंबर, दुपारी २:१०

दादा, मोनेरोवाले तर एप्रिलमध्येच अल्गोरिदम बदलून मोकळे झाले, कारणच हे की खास चिपवाल्यांना हाकलायचं होतं. बदलल्या दिवशी नेटवर्कचा हॅशरेट धाडकन पडला, म्हणजे कोण कोण गुपचूप मशिनं लावून बसलं होतं ते कळलं. आणि ते दर सहा महिन्यांनी बदलणार म्हणतायत. एफपीजीएचा फायदा हा की बिटस्ट्रीम (चिपची जोडणी ठरवणारी फाइल) नवीन टाकता येतो, चिप फेकावी लागत नाही, पण तो बिटस्ट्रीम कोणी लिहायचा? आमच्याकडे एक चांगला डिझाइन चिपच्या वेगात (टाइमिंगला) बसवायला चार माणसं महिनाभर बसतात. ज्यांनी अजून पहिलाच दाखवला नाही ते दर सहा महिन्यांनी नवीन लिहिणार?

---

रिगवाला_चिंचवड | २३ ऑक्टोबर, रात्री १२:१०

१८ तारखेला मोनेरोने परत बदललं. ताई तुमचं तोंड गोड करायला पाहिजे.

कंपनीकडून अपडेट असं की हीटसिंकचं डिझाइन बदललं, आता नोव्हेंबर. रिफंड मागितला आज. उत्तर आलं की 'तुमची ऑर्डर शिपिंगच्या रांगेत गेली असल्याने आता रद्द होणार नाही'. शिपिंग झालं नाही पण रांगेत गेलंय.

---

मिहानवाला | २३ ऑक्टोबर, सकाळी ८:००

हे त आमच्या गॅसच्या नंबरासारखं झालं. सिलिंडर नाही, पण नंबर लागला म्हणते.

---

कॅल्क्युलेटर_काका | २३ ऑक्टोबर, ८:४५

मी काही बोलत नाही.

---

कॅल्क्युलेटर_काका | २३ ऑक्टोबर, ८:५१

२१ ऑगस्टला ७:३४ वाजता सांगितलं होतं.

---

रिगवाला_चिंचवड | १६ डिसेंबर, दुपारी ३:३०

इथर ८५ डॉलर. रिग बंद केली काल. महिन्याचं बिल कमाईच्या जवळजवळ दुप्पट होतं. गच्चीवरची खोली एकदम शांत झालीये, शेजारच्या काकू विचारत होत्या की पिठाची गिरणी बंद केली का.

कार्डांचा ट्रॅकिंग नंबर आज आला!! हसू की रडू कळत नाही.

---

सातारी_कंदी | १६ डिसेंबर, ४:००

आलीच आहेत तर चालवून आकडे टाका. निदान ह्या धाग्यावर तरी 'कोणी चालवून बघितलंय का' ह्याचं उत्तर राहील.

---

रिगवाला_चिंचवड | १२ जानेवारी २०१९, रात्री १०:३०

हा घ्या अहवाल.

चारपैकी दोन आली. बाकी दोन 'वेगळ्या पार्सलमध्ये'. कस्टमने अडवलं होतं, फोन आला की हे काय आहे, मी म्हटलं कॉम्प्युटरचं कार्ड, तो म्हणाला कसलं, मी म्हटलं वेग वाढवणारं, तो म्हणाला कशाचा, तिथे माझ्याकडेच उत्तर नव्हतं. ड्युटी भरून सोडवलं.

माझ्या बोर्डाला एम डॉट टू स्लॉट एकच आहे हे मला जुलैत सुचलं नव्हतं. दुसऱ्यासाठी अडॅप्टर मागवला, लॅमिंग्टन रोडवरून मित्राने पाठवला. कार्डं हाताला चटका बसेल इतकी तापतात, बारका पंखा केबल टायने बांधलाय.

सॉफ्टवेअर बीटा. लिनक्सवरच चालतं. पहिल्या दिवशी कार्ड दिसेना, दुसऱ्या दिवशी दिसलं आणि रिग हँग, तिसऱ्या दिवशी चाललं. कार्डांशिवाय सहा तासांची सरासरी १८०.३. कार्डांसकट सहा तासांची सरासरी १८०.९. भिंतीवरच्या मीटरवर वीज ११ वॅटने जास्त, कमी नाही.

फॅबवाली ताई, तुम्ही चार कार्डांचा एक मेगाहॅश म्हणाला होतात. दोन कार्डांचा ०.६ आला. तुमच्या गणितापेक्षा ०.१ जास्तच दिला म्हणायचा.

---

फॅबवाली | १२ जानेवारी, ११:०५

०.१ हा मीटरचा थरथराट आहे दादा, कार्डं काढून परत लावलीस तर कदाचित उलटा येईल. पण आकडे दोन्हीकडचे सहा-सहा तास घेऊन टाकलेस ह्याचं कौतुक आहे. कंपनीच्या त्या स्क्रीनशॉटमध्ये किती वेळाची सरासरी होती हे कोणी विचारलं होतं का?

---

रिगवाला_चिंचवड | १२ जानेवारी, ११:१२

मी आज झूम करून बघितला. ४० सेकंद.

---

जुनाखोंड | १३ जानेवारी, पहाटे ४:४०

माझं मशीन अजून तळघरात आहे. हिवाळ्यात मांजर त्याच्यावर झोपते, बंद असलं तरी. कार्डं विकू नकोस, कोणी घेणार नाही आणि घेतलं तर शिव्या खाशील.

---

दोन_आण्याचा_चहा | ९ ऑक्टोबर २०२२, रात्री ९:००

धागा वर काढतोय. गेल्या महिन्याच्या १५ तारखेला इथेरियमने मायनिंगच बंद केलं, जगभरची जीपीयू एका दिवसात बेकार झाली, तेव्हा ह्या धाग्याची आठवण आली. रिगवाला, आहात का? ती उरलेली दोन पार्सलं आली का?

---

रिगवाला_चिंचवड | १० ऑक्टोबर, सकाळी ७:५०

आहे आहे. नाही आली. ईमेल परत येतो आता.

मधल्या काळात २०२१ ला रिग परत चालू केली होती, भाव वर गेले तेव्हा, बऱ्यापैकी निघालं, पण कार्डं लावली नाहीत. जीपीयू मार्चमध्येच विकली, आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट वेळेवर विकली. ०.१६ बिटकॉइनचे आज अडीच लाख होतात, आणि गेल्या नोव्हेंबरात आठ होत होते, हे मी काढलेलं नाही, बायकोने काढलंय, फ्रिजवर लावलंय.

आणि एक. पुतणी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. दसऱ्याला आली होती, गच्चीवर ते कार्ड बघितलं आणि ओरडलीच, म्हणे काका हे तर चांगलं एफपीजीए आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये एका बोर्डावर सहा जण बसतो आम्ही. दोन्ही घेऊन गेली. काल व्हिडिओ पाठवला. तिने स्वतः लिहिलेलं काहीतरी त्यावर टाकलंय आणि एक एलईडी लुकलुकतोय. सेकंदाला एकदा.

---

फॅबवाली | १० ऑक्टोबर, ८:१५

तिला सांग जेटॅगची (चिपवर प्रोग्राम टाकायची) केबल घट्ट बसव, आणि तुझा तो केबल टायचा पंखा पण दे तिला. कुठलं कॉलेज? आमच्याकडे डिसेंबरमध्ये इंटर्न घेतात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

---

रिगवाला_चिंचवड | १० ऑक्टोबर, ८:१८

केला. पंखा आधीच नेलाय तिने.